जिनातली मायची जागा

आमच्या वस्तीत एखाद्या बाईची ओळख सांगायची तर नवऱ्याच्या आधी तिची जागा सांगत. 'ते नाही का व, दारापासच्या रेच्यावरची,' किंवा 'इंजिनाच्या भिंतीकडची.' रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचं यंत्र. वणीच्या त्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, रेच्यांच्या दोन लांब ओळी होत्या, आणि एका रेच्यावर एक बाई. दिवाळीनंतर कापसाच्या बैलबंड्या यायला लागल्या की भोंगा सुरू व्हायचा. होळीच्या पुढेमागे कापूस संपला की तो बंद. तेवढ्या महिन्यांत जे हाती येईल त्यावर बाकीचं वर्ष ओढायचं.

जागेचा एक रिवाज होता. बाई आजारी पडली, बाळंत झाली, तर तिच्या घरची दुसरी बाई तिच्या रेच्यावर बसायची. सासू, जाऊ, नणंद, पोरगी, कुणीही. घरचं माणूस बसलेलं असेपर्यंत जागा त्या घराची. पण एक दिवस जरी रेचा रिकामा दिसला, तर फाटकाबाहेर उभ्या असलेल्या बायांतून मुकादम बोटानं एकीला आत घ्यायचा आणि जागा तिची व्हायची. फाटकाबाहेर रोज सकाळी बाया उभ्या असायच्याच. दुसरी कुणी आजारी पडावी असं त्यांच्यापैकी कुणी तोंडानं म्हणत नव्हतं, पण उभ्या असायच्या.

मायला मुदतीचा ताप आला तेव्हा मी पाचवीत होते. धम्मदीक्षेनंतरचं दुसरं की तिसरं वर्ष असेल. बाचे डोळे त्याच्या आधीच गेले होते. तो चुन्याच्या भट्टीवर कामाला होता. चुना विझवताना उकळता शिंतोडा डोळ्यांत उडाला. उजेड आणि अंधार एवढंच त्याला कळायचं. दारात बसून तो अंबाडीचे दोर वळायचा आणि बाजारच्या दिवशी मी ते विकायला न्यायची. घर चालायचं ते मायच्या रेच्यावर.

आता मी इटारसीला राहते, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. लग्न होऊन इकडे आले त्याला पुष्कळ वर्षं झाली. इथे पोटाला कमी नाही, छत गळत नाही, आणि या दोन गोष्टींसाठी मी रोज मनातल्या मनात हात जोडते. तरी रेशनच्या रांगेत पिशवी ठेवून जरा सावलीला सरकले की दर मिनिटाला मागे वळून पाहते, आपली पिशवी कुणी सरकवली तर नाही ना. घरचे हसतात. त्यांना काय सांगणार.

ताप आला तरी पहिले दोन दिवस माय कामावर गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती भिंत धरून उठली आणि भिंत धरूनच खाली बसली. मग म्हणाली, "झगा काढ. माह्यं लुगडं नेस."

"मले नेसता नाही येत."

"ये इकडं."

बसल्या बसल्याच तिनं मला लुगडं नेसवलं. तिच्या हाताचा चटका कमरेला लागत होता. पदर दोनदा गुंडाळून घट्ट खोचला. रेचे फिरवणारे चामड्याचे पट्टे तिथे उघडेच असायचे. पदर, वेणी, जे सापडेल ते ओढून घ्यायचे. म्हणून माझी वेणी डोक्यावर गुंडाळून वरून फडकं बांधलं.

"मुकादमानं वय पुसलं तर पंधरा सांगजो. आन खांदे पाडून नोको उभी राहू. जरा बाईसारखी राहा."

दारातून बा म्हणाला, "लेकराले पाठवून राह्यली तू."

"मंग तुम्ही जाता?"

बानं दोर वळायचा थांबवला. मायला त्याची दया आली असावी. तापलेल्या तोंडानं ती हसली. "तुमालेच नेसवलं असतं लुगडं. पन मिशा हायेत ना."

बाही हसला. ते दोघं हसत असतानाच मी घराबाहेर पडले. भीती वाटत होती तरी मनात आलं, म्हणजे एवढं काही बिघडलेलं नाही.

फाटकावर मुकादमानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू कोन व?"

"मायच्या जागी आली जी."

"माय मेली का?"

"नाही जी. ताप हाय तिले."

"किती वर्साची?"

"पंधरा."

"पंधरा!" तो बाजूच्या चौकीदाराकडे वळला. "ही पंधराची, तर आपन दोघं अजून पाळन्यात हाओ." चौकीदार हसला, फाटकाबाहेरच्या बायाही हसल्या. पण रिवाज तो रिवाज. त्यानं मला आत सोडलं. एका बाईच्या तोंडावरचं हसू मात्र लगेच गेलं. मायच्या तापाची बातमी तिला आधीच लागली असावी.

आतली हवा पांढरी होती. तंतू उडत होते आणि कुठेच बसत नव्हते. बसायचे ते फक्त पापण्यांवर, नाकात, ओठांच्या कडांना. आवाज इतका की थोड्या वेळानं तो ऐकूच येईना, नुसता दातांत जाणवत राहिला. बाया एकमेकींच्या ओठांकडे पाहून बोलायच्या. मायच्या शेजारच्या रेच्यावर एक वयस्क बाई होती. सगळ्या तिला मावशी म्हणत. उजव्या हाताची दोन बोटं तिला अर्धीच होती. मी त्यांच्याकडे पाहतेय हे तिनं पाहिलं आणि ती अर्धी बोटं माझ्या तोंडासमोर नाचवली.

"यानं खाल्ली," रेच्याकडे हनुवटी करून ती ओरडली. "दोन खाल्ली, आठ राह्यली. तू याच्यासंगं लाडात नोको येऊ."

पहिल्या दिवशी निम्मा कापूस माझ्या पायाशी सांडला. मावशी आपलं काम करता करता पायानं तो माझ्याकडे सरकवत होती, मुकादमाला दिसू नये असा. तिची मला आठवण येते ती पायासकट.

घरी आले तर माय जागीच होती. "दाखव हात." कापसात बोंडांच्या वाळलेल्या टरफलांचे तुकडे असतात, त्यांनी बोटं चिरली होती. तिनं त्यांना गोडं तेल लावलं आणि मग वाकळेचा एक कोपरा उसवून आतला जुना, काळवंडलेला कापूस बाहेर काढला.

"घे. टाकून दाखव."

मी मूठ भरून हवेत टाकल्यासारखं केलं.

"मूठ भरून नोको टाकू, गुठळी अडकते. पातळ कर. अस्सा पसरव, पान्यासारखा. एक हात टाकते तवा दुसरा उचलते. दोन्ही हात एका वक्ती कवाच रिकामे नसले पायजे."

रोज संध्याकाळी हे चालायचं. ताप चढलेला असायचा, पेजेचा पेला तसाच उशाशी असायचा, आणि माय पडल्या पडल्या हात हलवून दाखवायची. मी झोपले तरी तिचे हात चालायचे. डोळे मिटलेले, ओठ फुटलेले, आणि वर हवेत एक हात टाकतोय, दुसरा उचलतोय. बा चाचपडत तिचे हात धरून खाली ठेवायचा. थोड्या वेळानं ते पुन्हा वर.

मी शाळेत दिसेना म्हणून एका संध्याकाळी काकाजी आले. वस्तीतल्या या वयस्क गृहस्थांना सगळे मानायचे. दीक्षा झाल्यापासून घरोघर फिरून कोणाचं लेकरू शाळेत जातं, कोणाचं नाही, हे ते बघायचे. दारात उभे राहूनच त्यांनी विचारलं, "पोरगी शाळेत काहून दिसत नाही?"

"माह्या जागी बसली हाय जी काकाजी," माय अंथरुणातून म्हणाली. "मी उठली का ते शाळेत जाते."

"आपन गावकी सोडली. मेलेलं ढोर ओढनं सोडलं. सणाचं मागून खानं सोडलं. कायच्यासाठी? लेकरं शिकावं म्हनूनच ना?"

"हो जी."

"मंग?"

"जागा गेली तर लेकरू खाईन काय?"

काकाजी खाली बसले. बाच्या हातातला दोर तेवढा वळत होता. मग काकाजी माझ्याकडे वळून म्हणाले, "हेडमास्तरले मी सांगतो. नाव काटू नोका म्हनतो. पन माय उठली का दुसऱ्या दिवशी तू शाळेत. समजलं?"

"हो जी."

दुसऱ्या दिवशीपासून त्यांच्या घरून मायसाठी तांदळाची पेज यायला लागली, ताप उतरेपर्यंत. त्यांच्याही घरी तांदूळ रोज शिजत नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

हळूहळू माझे हात बसले. माझ्या रेच्याखालचा सरकीचा ढीग वाढायला लागला. ढीग मोठा झाला म्हणून पैसे जास्त मिळत नव्हते. रोजी ठरलेली होती. पण मुकादम येता-जाता ढिगाकडे पाहायचा. एकदा दुपारच्या सुट्टीत, भाकर खाताना, मावशीनं मला कोपरानं ढोसलं.

"काय व पोरी, त्या रेच्याले तू आपलं लेकरू समजली का? भरवून राह्यली, भरवून राह्यली!"

मी हसले. ती हसली नाही.

"ढीग वाढवून तुले काय भेटते? काहीच नाही. उद्या मुकादम आमाले म्हनन, ही एवढुशी पोर करते, तुमाले काय झालं? आन तुह्यी माय उठून आली का तिले काय म्हनन? मायच्या जागी बसली, तर मायएवढंच कर. ऐक माह्यं."

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. माय उठून बसली. तापातून एवढ्या झटक्यानं उठलेली मी तिला पहिल्यांदाच पाहिली.

"तिची सून घरी बसली हाय, ठावं हाय ना? तुह्या ढिगात खोट निघाली का ते सुनेले आनून बसवते तिथं. तिचं काही ऐकू नोको. तू ढीग वाढव. मुकादमाले दिसलं पायजे का आपली जागा चांगली चालून राह्यली."

"मावशी तशी नाही, माय."

"भूक लागली का कोनी तसं नाही राहात."

मी मायचं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून मावशीच्या ओठांकडे बघायचंच सोडलं, म्हणजे ती काय म्हणते ते कळू नये. हात चालवत राहिले. काही दिवसांनी मुकादम माझ्या ढिगापाशी थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "वा! मायपेक्षा पोर बरी!" संध्याकाळी धावतच घरी येऊन मी मायला ते सांगितलं. तिला इतका आनंद झाला की तिनं बाला हाक मारून मला ते पुन्हा सांगायला लावलं.

"पाय! म्हनलं नव्हतं म्या? आता जागेले धक्का नाही."

बा म्हणाला, "बरं झालं बापा." मला जन्मात एवढी शाबासकी कधी मिळाली नव्हती.

ताप उतरला. मायचे केस मूठमूठ गळले, गालाची हाडं वर आली, आणि चालताना ती मध्येच थांबून कशाला तरी धरायची. आणखी काही दिवस घरी थांब, असं बानं म्हणून पाहिलं. पण मला शाळेत पाठवायची तिला घाई होती. काकाजींना तिनं शब्द दिला होता. एका सकाळी तिनं आपलं लुगडं स्वतः नेसलं, केस उरले होते तेवढे फडक्यात बांधले आणि मला झगा घालायला लावला. दप्तराची पिशवी घेऊन मी तिच्याबरोबर निघाले. तिला जिनात सोडून मी तशीच शाळेत जाणार होते. वाटेत ती दोनदा बसली. दोन्ही वेळा म्हणाली, "चपलेत खडा गेला." चप्पल तिच्या पायात नव्हती.

फाटकावर मुकादम होता. "आली का?" तो मायला म्हणाला. मग माझ्या झग्याकडे पाहिलं. "ही कुठं चालली?"

"शाळेत जी. आता मी आली ना."

माय आत गेली. जाताना मला म्हणाली, "जराशी थांब, भोंगा होऊ दे, मंग जाय." मी फाटकाजवळ थांबले. भोंगा झाला, पट्टे फिरायला लागले. निघावं म्हणून मी पिशवी खांद्याला लावली तेवढ्यात मुकादम बाहेर आला आणि मला हातानं बोलावलं.

आत मायच्या रेच्यापाशी कापूस सांडलेला होता. ती दोन्ही हातांनी तो गोळा करत होती आणि तो पुन्हा निसटत होता. मावशीचा पाय मधूनमधून कापूस तिच्याकडे सरकवत होता, पण मुकादम उभाच असल्यामुळे लपत नव्हता.

"ऊठ," तो मायला म्हणाला. "पोरीले बसू दे."

"मुकादमजी, आजचाच दिवस. उद्यापर्यंत हात बसन माहा."

"पोरीचा बसला हाय ना."

माय उभी राहिली. आवाजात तिला ओरडावं लागत होतं आणि ओरडायचा दम तिच्यात नव्हता. मी तिच्या ओठांकडे पाहत होते. "रिवाज हाय जी. घरचं मानूस बसलं तर जागा राहते."

"मंग? राह्यली ना? मी काय दुसरीले देली?" मुकादम अगदी सरळ बोलत होता, रागावला नव्हता. "जागा तुह्या घरचीच हाय. एका घराले एक जागा. घरातलं कोन बसन ते मी सांगन."

तो रिवाजाबाहेर एक शब्दही बोललेला नव्हता.

मी बसले. झग्यातच, दप्तर पाठीला. मला वाटलं, हात हळू चालवले तर तो मायला परत बसवेल. म्हणून मी पहिल्या दिवसासारखी मूठ भरून टाकली, थोडा कापूस सांडला. त्यानं ते पाहिलं आणि हसला.

"हात दुखते का व? दुखत असन तर सांग. फाटकाबाहेर गंज बाया उभ्या हायेत."

मायनं माझ्याकडे पाहून मान हलवली. टाक, टाक. मी टाकायला लागले, तिनं शिकवलं होतं तसं, पातळ.

मावशीनं आपले हात थांबवले. जिनात चालू रेच्यावर कोणी हात थांबवत नाही. "मुकादमजी, हे माह्या बाजूले कितीक सालापासून बसते. दोन दिवस द्या तिले. मी तिचा कापूस पाहातो."

"तुले एवढी दया आली तर तू ऊठ, तिले बसू दे. का तुह्या सुनेले आनून बसवायचं हाय इथं?"

"माह्या सुनेच्या छातीत पानी हाय," मावशी म्हणाली. "ते जिनात कवाच येनार नव्हती. आली तर मरन."

माय मावशीकडे पाहत राहिली. मग खाली पाहिलं. मावशीनं पुन्हा कापूस उचलला.

मुकादम पुढच्या रेच्याकडे गेला. मायनं माझ्या पाठीवरचं दप्तर काढलं. माझी वेणी मोकळी होती आणि मागे पट्टा फिरत होता. तिनं आपल्या डोक्याचं फडकं सोडलं, माझी वेणी गुंडाळून ते माझ्या डोक्याला घट्ट बांधलं. तिचं विरळ, जागोजागी उघडं पडलेलं डोकं सगळ्या ओळीला दिसलं. पदर घ्यायचं ती विसरली. दप्तर काखेत धरून दोन ओळींमधून तशीच बाहेर गेली.

तिथून ती काकाजींकडे गेली आणि नाव काटा म्हणून स्वतःच सांगून आली. ते तिला काय म्हणाले ते तिनं कधी सांगितलं नाही. काकाजी पुढे कुठे भेटले की माझ्या डोक्यावर हात ठेवायचे आणि आपली वाट धरायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा स्थळ पाहायला तेच इटारसीपर्यंत आले होते, स्वतःच्या खर्चानं. पुढचे हंगाम मी त्याच रेच्यावर काढले. पहिल्या वर्षी माय फाटकाबाहेरच्या बायांमध्ये उभी राहायची. कधी घ्यायचे, बहुतेक वेळा नाही. मग तिनं ते सोडलं आणि रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला जायला लागली. त्या जागेनं आम्हाला जगवलं, हे खरं आहे. तिच्यावर बाचं औषध झालं, मायचं म्हातारपण निघालं, मला इकडे येताना दोन लुगडी मिळाली. त्या जागेबद्दल वाईट बोलायला माझी जीभ वळत नाही. मायनं ती कशी राखली हे मात्र मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तर चूल पेटलेली होती. कितीतरी दिवसांनी माय चुलीपाशी बसली होती. ज्वारीच्या भाकरी आणि अंबाडीची भाजी. मी हातपाय धुऊन नेहमीच्या जागी, बाच्या पलीकडे बसले. मायनं पहिली भाकर तव्यावरून काढली. आमच्यात पहिली गरम भाकर कमावत्या माणसाच्या ताटात पडायची. बाचे डोळे गेल्यावरही ती त्याच्याच ताटात पडत होती. माय कमवत होती तरी ती शेवटी जेवायची. त्या दिवशी तिनं ती भाकर बाला ओलांडून माझ्या ताटलीत ठेवली. वर भाजी घातली, तेलाचे दोन थेंब सोडले.

बाला दिसत नव्हतं. पण ताटली कुठे वाजली ते त्यानं ऐकलं. त्यानं पुढे केलेला हात हळूच मागे घेतला.

"वाढलं तिले?" त्यानं विचारलं.

"वाढलं."

"जेव माय," तो मला म्हणाला. त्याआधी त्यानं मला कधी माय म्हटलं नव्हतं.

दोघंही थांबले होते. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि खायला लागले. भूक लागली होती.